प्रदक्षिणेत मागे कोण राहतो?

'दुर्ग' हा शब्द आपल्या तोंडी रोजचा आहे. त्याचा अर्थ मात्र आपण विसरलो आहोत. जेथे जाणे कष्टाने घडते तो दुर्ग, अशी त्याची सरळ व्युत्पत्ती. राजेलोकांनी तट बांधले, बुरूज उभारले, दरवाजांना खिळे ठोकले, ते एवढ्याचसाठी की नको त्या माणसाला वर येणे सोपे होऊ नये. पुढे राज्ये गेली, दरवाजे कुजले, चिरे ढासळले. आता कोणीही वर जावे, कोणी अडवीत नाही. पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. तट पडला तरी डोंगर पडलेला नाही. चढण तीनशे वर्षांपूर्वी होती तेवढीच आजही आहे. गड मोडका झाला म्हणजे तो सुगम झाला असे नव्हे.

या लेखात एका लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. पाच-पंचवीस माणसांनी मिळून डोंगरातल्या एखाद्या पडक्या गडाला पायी वळसा घालून यायचे ठरवले, तर त्या फेरीचा बेत कोणाच्या मापाने करावा? जो सर्वांत चपळ आहे त्याच्या, की जो सर्वांत हळू चालतो त्याच्या? प्रश्न वाटेचा दिसतो, पण थोडे खरवडले की खाली धर्माचा प्रश्न लागतो.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. धनोड्याचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो आणि माहूरचे डोंगर समोर येतात. नदीपलीकडचा किनवटचा मुलूख, माहूर त्यातच आले, 1956 पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. कागदावरच्या शिवा अशा बदलल्या. पण पुसद, उमरखेड, महागाव, आर्णी, दिग्रस या भागातल्या माणसाला माहूर कधी परके वाटले नाही. तिथे एका डोंगरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया. साडेतीन शक्तिपीठांतले हे एक पूर्ण पीठ. आणि रेणुकेच्या डोंगराशेजारीच रामगड, ज्याला लोक माहूरगड म्हणतात, तो जुना किल्ला आहे.

हा किल्ला डोंगराच्या दोन जोडसोंडांवर बांधलेला आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला कडा तुटलेला. तिकडून कोणी येईल ही भीती नव्हती. उत्तरेला आणि दक्षिणेला मात्र वाट होती, म्हणून बांधकामाचा सगळा जोर त्या दोन बाजूंना. दोन सोंडांच्या मधल्या घळीत पाणी अडवून तलाव केलेला. पाहणाऱ्याने हे नीट पाहावे. बांधणाऱ्याने आधी विचार केला तो दोन गोष्टींचा: पाणी कुठे मिळेल आणि धोका कुठून येईल. डोंगरात फिरायला जाणाऱ्याला याहून वेगळे काय शिकायचे आहे? आणि धोका उभ्या कड्यावर कमी असतो, बरं का. कडा दिसला की माणूस आपोआप सावध होतो. घसरतो तो उतरताना, सोप्या वाटेवर, 'आता काय, आलंच गाव' असे म्हणताना. गडकऱ्याने सोप्या बाजूला तट घातला तो उगीच नव्हे.

श्रावणी पौर्णिमेला माहूरच्या डोंगरांची परिक्रमा करायला दूरदूरची माणसे येतात. इतर दिवसांतही लहान लहान मंडळी आपापली फेरी घालतात. अशीच आर्णीकडच्या एका गावची भजनी मंडळी मागे माझ्याकडे आली. त्यांचे म्हणणे असे:

"महाराज, आमचा माहूरच्या फेरीचा बेत हाय. पन गावातली एक बुढी हट्टाले पेटली. सत्तरीच्या वर वय, गुडघे धरलेले. पोट्टे म्हनते का हिले संगं नेलं त आपली फेरी दिवसात व्हत नाही. अन् बुढी म्हनते, मी येतोच. मेली त रस्त्यात मेली, देवीच्या डोंगरात मराले भाग्य लागते."

त्यांच्यातला एक वडीलधारा माणूस मधेच म्हणाला, "बेत-बीत कायले पाह्यजे? देवाचं नाव घ्याचं अन् निघाचं. तो पाहून घेते."

असे तीन पक्ष झाले. तरुणांचा पक्ष: अशक्ताने येऊ नये. म्हातारीचा पक्ष: माझा देह, माझी इच्छा. आणि वडीलधाऱ्याचा पक्ष: बेत करणे हाच मुळी अविश्वास. तिघांचेही बोलणे मला टाकाऊ वाटले नाही. प्रत्येकात काही खरे आहे, म्हणून प्रत्येकाला उत्तर देणे भाग आहे.

आधी शेवटचा पक्ष घेऊ, कारण तो ऐकायला सर्वांत भाविक वाटतो. देवावर भार टाकला की आपण वाट मोजायची नाही, पाणी मोजायचे नाही, असे ज्याला वाटते त्याने आळंदीच्या पालखीकडे पाहावे. हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली ती आजही चालते. निघण्याची तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले, विसावे ठरलेले, रथापुढे कोणती दिंडी आणि रथामागे कोणती हेसुद्धा ठरलेले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारा तळ स्तब्ध होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. तिचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज पुढचे काही होत नाही. हरवले-सापडलेल्याचा पुकारा तिथेच होतो. आता मला सांगा, हे सगळे करणारी माणसे अश्रद्ध होती काय? दिवेघाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. प्रत्यक्ष माउलींच्या रथाला चढणीवर मदत घ्यायला कमीपणा वाटत नाही, आणि आपल्याला हातात काठी घ्यायची लाज वाटते!

श्रद्धेचे काम निराळे, बेताचे निराळे. पाऊस पडेल की नाही, पाय मुरगळेल की नाही, हे आपल्या हातात नाही, तिथे श्रद्धा. पाण्याची बाटली भरून घेतली की नाही, हे आपल्या हातात आहे, तिथे बेत. जे आपल्या हातात आहे तेही देवावर ढकलणे याला मी भक्ती म्हणत नाही. आपल्या वाटणीचे काम दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखे ते आहे. शिवाय एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. 'देव पाहून घेईल' असे म्हणणारा माणूस बहुधा धडधाकट असतो, आणि देवाला पाहून घ्यावे लागते ते त्याच्या मागून येणाऱ्या दुबळ्याला.

आता तरुणांचा आणि म्हातारीचा पक्ष. त्यासाठी आधी प्रदक्षिणेची वाट साध्या वाटेहून वेगळी कशी, ते समजून घेतले पाहिजे. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

ज्या वाटेने वर जायचे त्याच वाटेने खाली यायचे असले, तर थकलेला माणूस झाडाखाली बसू शकतो. 'तुम्ही जाऊन या, मी इथंच आहे' असे तो म्हणतो आणि परत येणारे त्याला बरोबर घेतात. कोणाचे काही अडत नाही. वळशाच्या वाटेत असे होत नाही. तिथे निघालेले लोक त्या झाडाकडे पुन्हा येतच नाहीत. मागे बसलेला मागेच राहतो. आणि अर्धा वळसा झाला की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते. त्यानंतर मागे फिरण्यात काही वाचत नाही. म्हणजे वळशाला निघालेली मंडळी एका ठराविक जागेनंतर एकमेकांना बांधली जातात, इच्छा असो वा नसो. एकाचा गुडघा हा सर्वांचा गुडघा होतो.

म्हातारीच्या म्हणण्यातले अपुरेपण इथे दिसते. 'माझा देह, माझी इच्छा' हे घराच्या ओसरीवर खरे आहे. गावाभोवतीच्या नगरप्रदक्षिणेतही बरेचसे खरे आहे, कारण तिथे दर दहा पावलांवर ओटा आहे आणि माणूस आहे. पण रानातल्या वळशाच्या पलीकडल्या अंगाला तिचा देह तिचा एकटीचा राहत नाही. तो चार जणांच्या खांद्यांचा होतो. तिथे मरणे भाग्याचे असेल, पण तिला उचलून आणणाऱ्या पोरांच्या वाट्याला त्या भाग्यातले काय येते, याचाही विचार करायला हवा.

आणि तरुणांच्या म्हणण्यातले अपुरेपणही इथेच दिसते. वाट जर सर्वांना बांधते, तर ती ठरवण्याचा हक्क एकट्या चपळांचा कसा? सर्वांत पुढे चालणाऱ्याला वाट कळते. पण वाट किती लांब आहे हे सर्वांत मागे चालणाऱ्यालाच कळते. बेत करताना ज्याला विचारायला हवे त्यालाच आपण बाहेर बसवतो, मग फेरी कशी फसली म्हणून डोके खाजवतो.

इथे कोणी महाभारत जाणणारा मला अडवील. तो म्हणेल, महाराज, महाप्रस्थानात काय झाले? द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल पडला, अर्जुन पडला, शेवटी भीमही पडला. प्रत्येक वेळी भीमाने विचारले, ही का पडली, हा का पडला? धर्मराजाने कारण सांगितले आणि मागे वळून न पाहता तो चालत राहिला. साक्षात धर्म जर थांबला नाही, तर आम्ही का थांबावे?

आक्षेप मोठा आहे, आणि माहूरच्या संदर्भात तर तो आपोआप आठवतो, कारण तिथली कोरीव लेणी लोकांनी पांडवांच्याच नावावर केली आहेत. पण कथा अर्धी सांगू नये. एक तर महाप्रस्थान हा वळसा नव्हे. त्या वाटेने कोणी घरी परतणार नव्हते. सर्वांनी देह ठेवायचाच म्हणून वाट धरली होती. आपली फेरी घरी येण्यासाठी असते. संध्याकाळी दिवे लागले की पोरे दाराशी येऊन विचारतात, आजी कुठे आहे? त्यांना महाप्रस्थानाचा दाखला देऊन चालणार नाही. दुसरे असे की, त्याच वाटेवर एक कुत्रे मागे मागे येत होते. इंद्राने रथ आणला तेव्हा युधिष्ठिर म्हणाला, या कुत्र्याला सोडून मी येत नाही. आणि तिसरे, स्वर्गात गेल्यावर भाऊ दिसेनात, तेव्हा तो त्यांना शोधीत नरकापर्यंत गेला आणि त्यांचे आवाज ऐकून म्हणाला, मी इथेच राहतो. ज्याने मागे वळून पाहिले नाही म्हणून आपण त्याला साक्षीला आणतो, त्याची शेवटची परीक्षा मागे राहिलेल्यांवरच झाली. व्यासांनी कथा तिथे नेऊन संपवली आहे. आपण ती अलीकडेच संपवू नये.

खुद्द माहूरची कथा तर याहूनही बोलकी आहे. जमदग्नीचा वध झाल्यावर परशुरामाने कावड केली. एका पारड्यात पित्याचा देह, दुसऱ्यात माता रेणुका. कोरी भूमी शोधीत तो इथवर आला आणि दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून पित्याचे संस्कार त्याने इथे केले, अशी परंपरा आहे. म्हणून हे मातापूर, म्हणून इथे मातृतीर्थ. ज्या डोंगराला आपण वळसा घालतो त्याची थोरवी कोणी किती वेगाने चढला यावर उभी नाही. एकाने आपल्या माणसांना खांद्यावर वाहून आणले, यावर ती उभी आहे.

पण यावरून 'मला वाहून न्या' असा हट्ट धरण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. परशुरामाने कावड आपण होऊन उचलली. दुसऱ्याची कावड उचलणे हा धर्म आहे; दुसऱ्याच्या खांद्यावर आपली कावड ठेवून मोकळे होणे हा धर्म नव्हे. हे दोन्ही एकदम धरता आले पाहिजे, आणि अडचण तीच आहे. तरुणांना पहिले वाक्य सांगावे आणि म्हातारीला दुसरे. आपण बहुधा उलटे करतो. तरुण म्हातारीला तिचे कर्तव्य ऐकवतात आणि म्हातारी तरुणांना त्यांचे.

आता मागे फिरण्याविषयी. फेरी अर्धवट सोडणे म्हणजे पुण्य गेले, असा धाक पुष्कळांच्या मनात असतो. या धाकापोटीच माणसे अंधार पडेपर्यंत पाय ओढीत राहतात. त्यांनी शिवाच्या देवळातली रीत आठवावी. शंकराला पूर्ण वळसा घालीत नाहीत. पिंडीवरचे पाणी जिथून बाहेर पडते ती पन्हळ म्हणजे सोमसूत्र. ते ओलांडायचे नाही. तिथपर्यंत जायचे, मागे फिरायचे, आल्या वाटेने दुसऱ्या बाजूने पुन्हा सोमसूत्रापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. ही प्रदक्षिणा अर्धी म्हणून कोणी हिणवीत नाही. ती तशीच पूर्ण आहे. शास्त्राने स्वतःच एक अशी प्रदक्षिणा सांगून ठेवली की जिच्यात मागे फिरणे हाच विधी आहे. डोंगराच्या वाटेवरही प्रत्येक मंडळीने आपले सोमसूत्र आधी ठरवून घ्यावे: अमुक ओढा, अमुक खिंड, अमुक वाजता. तिथे पोचेपर्यंत सर्वांचे पाय धड असतील तर पुढे. नसतील तर मागे. आणि हे घरून निघण्यापूर्वी, सर्वांसमक्ष, मोठ्याने बोलून ठरवावे. कारण त्या जागी पोचल्यावर थकलेल्याला संकोच होतो आणि चपळाला मोह होतो. दोघेही त्या घटकेला खरे बोलत नाहीत.

माहूरच्या नावाशी जोडलेली एक इतिहासातली गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. मोगलांकडून माहूरची जहागीर सांभाळणाऱ्या उदारामाच्या घराण्यातली रायबागन 1661 साली कारतलबखानाच्या फौजेबरोबर सह्याद्री उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी फौज कोंडली. पुढची वाट अडलेली, मागची अडलेली, दोन्ही अंगांना रान. परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. या वाटेने फौज घालणे हीच मुळात चूक झाली, आता शरण जावे, असे खानाला स्पष्ट सांगणारी ती बाई होती. खानाने ऐकले, म्हणून माणसे जिवंत परत गेली. इतक्या तलवारबहाद्दरांत 'आता पुरे' हे शब्द एका बाईला उच्चारावे लागले. प्रत्येक मंडळीत असे एक माणूस असावे, आणि त्याने बोलल्यावर इतरांनी त्याला भित्रे म्हणू नये, एवढी सभ्यता असावी.

आता मापाचा हिशेब. स्कॉटलंडात नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा बांधला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर 2000 फूट चढणीस आणखी एक तास. समजा, आपली फेरी सहा मैलांची आणि सगळी मिळून चढण 1000 फूट. त्याच्या हिशेबाने दोन तास आणि अर्धा तास, म्हणजे अडीच तासांत फेरी झाली पाहिजे. तरुण मंडळी हा आकडा ऐकून खूश होतात. पण हा आडाखा धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे. त्यात पाणी प्यायला थांबणे नाही, गडावर बसणे नाही, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटणे नाही. भजनी मंडळीने तो सरळ दुप्पट करावा आणि वर जेवणाचा एक तास धरावा. अडीचाचे सहा होतात. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आतबाहेर मावळतो. म्हणजे सकाळी सातला निघालेली मंडळी एकपर्यंत खाली येतात आणि अडचण आली तरी हाताशी चार तासांचा उजेड उरतो. हीच मंडळी चहापाणी करीत अकराला निघाली, तर तोच हिशेब संध्याकाळच्या तोंडाशी येऊन थांबतो. उजेड हे सर्वांत हळू चालणाऱ्याचे भांडवल आहे. सकाळी उशीर करणारा माणूस त्याच्या गाठोड्यातून चोरी करतो, असे मी म्हणेन.

बाकीचा बेत साधा आहे. वैशाखात या डोंगरांत जाऊ नये. वऱ्हाडचे ऊन कोणाची भीड ठेवीत नाही. पावसाळ्यात ओढे चढतात, खडक निसरडे होतात. ज्यांना श्रावणातच जायचे आहे त्यांनी पुष्कळ माणसांबरोबर, रुळलेल्या वाटेनेच जावे. बाकीच्यांना कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. थंडीतसुद्धा माणशी दोन लिटर पाणी जवळ असावे. आग्या मोहोळ दिसले तर खाली विडीकाडी, धूर, आरडाओरडा काही नको. मोबाइलमध्ये नकाशा दिसतो हे खरे, पण दरीत उतरल्यावर तो कधी मुका होतो सांगता येत नाही. म्हणून वाट जाणणारा गावचा माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी चोख द्यावी. प्रदक्षिणेचा नियम असा की देवता उजव्या हाताला असावी. गडही उजव्या हाताला ठेवावा, म्हणजे वाट चुकली तरी दिशा चुकत नाही. ओझे कमी घ्यावे. 1623 साली बापाशी बंड करून पळत असलेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच मुलखातून तेलंगणाकडे गेला तेव्हा हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात ठेवून दिले. बादशहाच्या पोराला ओझे टाकता आले. आपल्याला एका दिवसासाठी तीन पिशव्या सोडवत नाहीत.

आणि रांग. दिंडीत पताका पुढे असते, पण म्हणून पुढच्याने पळायचे नसते. टाळाचा आवाज मागे ऐकू येईल इतकेच अंतर पुढे जायचे असते. डोंगरात हाच नियम पाळावा. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढून दुसरा किंवा तिसरा असावा, म्हणजे रांगेचा वेग आपोआप त्याचा होतो आणि कोणी त्याच्यासाठी थांबले असे त्याला वाटत नाही. सर्वांत धट्टाकट्टा माणूस सर्वांत मागे. पुढचे विसाव्याला थांबले आणि मागचे पोचताक्षणी पुन्हा निघाले, तर मागच्याला विसावा मिळतच नाही; ज्याला त्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच तो चुकतो. शेवटचा माणूस बसून पाणी प्याला की मगच विसावा सुरू झाला असे धरावे.

एक अवघड गाठ उरली. सर्वांत हळू चालणाऱ्याचे माप धरायचे तर काही वेळा फेरीच होत नाही. ज्याला शंभर पावले चालवत नाहीत त्याच्या मापाने डोंगर कसा चढणार? मग कोणीच जाऊ नये काय? तसे मी म्हणत नाही. सर्वांनी सर्व ठिकाणी गेलेच पाहिजे असा धर्म नाही. पण न नेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, न सांगता पहाटे निघून जाणे, किंवा 'तुला काय जमतंय' म्हणून हसणे. दुसरी, समोर बसून वाट सांगणे: इतकी चढण, इतके तास, अमुक ठिकाणापुढे मागे फिरता येत नाही, आणि तुला त्रास झाला तर तुला आणायला इतकी माणसे लागतील. हे सगळे ऐकल्यावर मनुष्य आपण होऊन काय ते ठरवतो. पुष्कळदा तो आपल्यापेक्षा शहाणपणाने ठरवतो. त्याला सत्य सांगण्याइतका मान आपण दिला पाहिजे. दया करून खोटे बोलणे आणि तिरस्काराने टाळणे, दोन्हींत त्याला माणसांच्या पंक्तीतून उठवणेच आहे.

त्या मंडळींना मी हेच सांगितले. त्यांनी म्हातारीपुढे सारा बेत मांडला. तिने दोन-चार प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाली, "मंग असं करा. मी मोटारीनं वर शिखरावर येतो, भाकरी घेऊन. तुमी पायी या. पन मी येईपर्यंत कोनी जेवाचं नाही." तिची फेरी लहान झाली, पण मंडळींची पंगत तिच्या हातात गेली, आणि पोरांना तिच्यासाठी वेळेवर वर पोचावे लागले. गणपतीने आईबापांभोवती घातलेला वळसा पृथ्वीप्रदक्षिणेच्या तोडीचा ठरला, ही कथा पोरांनाही ठाऊक असते. वळशाची किंमत मधे कोण आहे यावर ठरते, लांबीवर नाही. ही गोष्ट लांब वळसा घालणाऱ्यांनीही विसरू नये.

राहता राहिला तो गड. तोही आता आपल्यातला अशक्तच आहे. त्याच्या ढासळत्या तटावर चढून फोटो काढू नयेत, चिरे ढकलू नयेत, भिंतीवर नावे कोरू नयेत. ज्यांनी तो घडवला त्यांची नावे त्या दगडांवर नाहीत. मग आपल्या नावाचे तिथे काय काम? जसे थकलेल्या माणसाजवळून जाताना पाऊल हळू पडते, तसे पडक्या भिंतीजवळूनही पडावे.

सारांश इतकाच. एकट्याची वाट एकट्याने ठरवावी. चौघांची वाट मात्र चौघांतल्या अशक्ताला समोर बसवून ठरवावी, त्याला खरे सांगून आणि त्याचे ऐकून. फेरी संपल्यावर गावाच्या वेशीत माणसे मोजून घ्यावीत. निघताना जेवढी होती तेवढी भरली, की मगच प्रदक्षिणा पूर्ण झाली असे समजावे.